बसलेली गाडी

मराठीत 'बसणे' या क्रियापदाने जितकी परस्परविरुद्ध कामे शिरावर घेतली आहेत, तितकी दुसऱ्या कोणत्या क्रियापदाने घेतली असतील असे मला वाटत नाही. गवयाचा आवाज बसला म्हणजे मैफल मोडली आणि तबलजीचा हात बसला म्हणजे मैफल सजली. दुकान बसले म्हणजे सावकाराचा तगादा सुरू झाला आणि संसाराची घडी बसली म्हणजे तोच तगादा संपला. पावसाळ्यात मातीची भिंत बसते ती घराला अवकळा आणण्यासाठी, आणि चिऱ्यावर चिरा बसतो तो शंभर वर्षे उभे राहण्यासाठी. जुन्या मोटारी दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला त्या माझ्यासारख्या माणसाच्या कानी हे क्रियापद महिन्यातून दोनचार वेळा तरी पडते. गिऱ्हाईक दाराशी गाडी उभी करते, दोन पावले मागे सरते, मान कलती करून तिच्याकडे पाहते आणि म्हणते, "पुढून बसली आहे हो." या चार शब्दांत फिर्याद पुरती मांडून झाली अशी त्याची समजूत असते, आणि पुष्कळदा, हे कबूल केले पाहिजे, ऐकणाऱ्या मिस्त्रीचीही तीच समजूत असते. स्प्रिंगा गेल्या, नव्या घाला, असा निकाल उभ्याउभ्याच दिला जातो. उमेदीच्या काळात असे निकाल मीही दिले आहेत, आणि त्यांतले काही पुढे अपिलात फिरलेही आहेत. ज्या गाडीने ही सवय माझ्याकडून कायमची सोडवली तिची हकीकत येथे सांगावयाची आहे.

ही सवय मला लागली कशी, हे आधी सांगितले पाहिजे. ज्या उस्तादांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलो, त्यांच्या गॅरेजात दहांतल्या सात गाड्या ॲम्बॅसडर असत. या गाडीच्या पुढच्या चाकांचा भार वेटोळ्या स्प्रिंगेवर नसून टॉर्शन बारवर, म्हणजे एक टोक चाकाच्या आर्मशी आणि दुसरे गाडीच्या तळाशी जखडलेल्या, व पिळल्या जाऊन वजन पेलणाऱ्या एका लांब पोलादी दांडीवर असतो. ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने १९४८ साली मॉरिस मायनर गाडीत ही योजना वापरली, आणि पुढे मॉरिस ऑक्सफर्डमधून ती आमच्या ॲम्बॅसडरमध्ये आली. या रचनेचा एक मोठा गुण असा की गाडी खाली आली तर काहीही न बदलता दांडीच्या मागच्या टोकाची पकड सोडवून, तिला थोडा अधिक पीळ देऊन गाडी पुन्हा वर घेता येते. आणि तिचा मोठा दोष नेमका तोच. उस्ताद एका तासात गाडी उचलून देत, मालक संतुष्ट होऊन जाई, आणि ती खाली का गेली होती हा प्रश्न विचारण्याचे कोणालाही कारण उरत नसे. निदानाआधीच उपचार हाताशी असला म्हणजे निदानाची विद्या वाढत नाही, हे माझ्या ध्यानात यायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

आता त्या गाडीकडे वळतो. ती १९६७ सालची एम.जी.बी. होती; वरून उघडी, दोन आसनांची, उजव्या बाजूस चक्र असलेली. इंग्लंडातील ॲबिंग्डन या गावी १९६२ पासून १९८० पर्यंत या गाड्या तयार होत. ही गाडी कोण्या परकीय वकिलातीतील अधिकाऱ्याने हिंदुस्थानात आणली आणि बदली होताच विकली, व दोन हात फिरून ती पुण्यास आली. मालक भूमापन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. इंदापूर तालुक्यात १८३५ च्या सुमारास कंपनी सरकारच्या अंमलदारांनी जी मोजणी सुरू केली, तिची परंपरा आपल्या हाडांत मुरली आहे असे ते अभिमानाने सांगत. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, चाळीस गुंठ्यांचा एकर आणि हद्दीचे दगड यांवाचून त्यांचे बोलणे पुरे होत नसे. आम्ही सर्व त्यांना मोजणीसाहेब म्हणत असू, आणि ते मला, माझे केस पांढरे झाल्यानंतरही, मिस्त्री म्हणत.

साहेबांनी फिर्याद आणली ती तोंडी नव्हती. पाच महिन्यांच्या नोंदींची एक लांबट वही त्यांनी माझ्या हाती ठेवली. दर रविवारी सकाळी, टायरांतील हवा पुढे २१ व मागे २४ पौंड करून, टाकीतील पेट्रोलची पातळी पाहून, त्यांनी जमिनीपासून पुढच्या दोन्ही मडगार्डांच्या कडेपर्यंतची उंची पोलादी टेपने मोजली होती. उजवी कड डावीपेक्षा सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, खाली होती. (सूत हे इंचाचा आठवा हिस्सा दाखवणारे सुताराचे माप आमच्या धंद्यात अद्याप चलनात आहे.) शिवाय गाडीचे पुढचे अंग एकूणच खाली आले असून गतिरोधकावर 'ठक्' असा आघात ऐकू येतो, असाही शेरा होता. "शेजारचे म्हणतात शॉकअप गेले, तुमचे मत काय?" साहेबांनी विचारले. मी म्हणालो, "साहेब, गाडी दोन दिवस राहू द्या." उभ्याउभ्या निकाल न देण्याचे श्रेय माझे नव्हे. पाच महिन्यांच्या नोंदी समोर असताना पाच मिनिटांत मत देणे मला लाजिरवाणे वाटले.

शॉकअपचा आरोप मात्र तेथेच निकालात काढणे शक्य होते, कारण तो असा आरोपी आहे की ज्याच्यावर संशय सर्वांचा आणि गुन्हा करण्याची ज्याची ताकदच नाही. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते; शॉकअपचे काम स्प्रिंगेची उसळी आवरणे एवढेच. वायूच्या दाबाने भरलेल्या आधुनिक नळकांड्या गाडीला क्वचित थोडासा आधार देतात हे खरे, पण एम.जी.बी.ला मुळात तसले नळकांडे नाहीच. तिचा शॉकअप तेलाने भरलेल्या पेटीसारखा असून तिच्यातून बाहेर आलेली भुजा हीच चाकाचा वरचा आर्म असते. शॉकअपच्या भुजेलाच आर्मचे काम देणारी ही काटकसरी योजनाही इसिगोनिसच्याच विचारांतून निघालेली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती आखली गेली, १९४७ साली एम.जी.च्या वाय नावाच्या बंद गाडीत प्रथम आली, आणि तेथून टी.डी., एम.जी.ए. असे टप्पे घेत या गाडीपर्यंत पोहोचली. ही पेटी गळून रिकामी झाली तर गाडी होडीसारखी डुलेल, तिचा आस झिजला तर चाक लटपटेल, पण उभी असताना ती एक सूतही खाली यावयाची नाही. ज्या तरुणाचा उस्ताद ॲम्बॅसडर, त्याला प्रौढपणी एम.जी. भेटावी आणि दोघींच्या मुळाशी एकाच माणसाची बुद्धी निघावी, हा योग मला नेहमीच मौजेचा वाटत आला आहे.

दुसऱ्या दिवशी मोजणीस आरंभ केला. आरंभ गाडीपासून नव्हे, जमिनीपासून. माझ्या गॅरेजची फरशी डोळ्यांना सपाट दिसते. परंतु गवंड्याची पाण्याची नळी लावून पाहिली तेव्हा उजवे चाक जेथे येई तेथे फरशी दोन सूत खाली आहे असे आढळले, आणि या फरशीवर मी वीस वर्षे गाड्या उभ्या करून मते देत होतो हा विचार मनाला स्पर्शून गेला. पत्रे घालून चारही चाकांखालची पातळी एक केली. मग गाडी हाताने चार फूट पुढे, चार फूट मागे ढकलली आणि पुढचे अंग दाबून सोडले. हे सोपस्कार अनुभव नसलेल्याला व्यर्थ वाटतात. पण जॅकवरून नुकती उतरवलेली गाडी कधीच खरे बोलत नाही. चाके अधांतरी लोंबत असतात तेव्हा ती किंचित आत वळलेली असतात. गाडी खाली येताना त्यांना बाहेर सरकायचे असते, परंतु टायर फरशीला धरून बसतात आणि गाडी इंचभर उंच अडकून राहते. अशा वेळी घेतलेले माप हे गाडीचे नसून टायरच्या हट्टाचे असते.

आता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतले. असे मोजले म्हणजे टायरची झीज आणि हवा दोन्ही हिशेबाबाहेर जातात. फरक पुन्हा सहा सुतांचाच आला. टायर निर्दोष सुटले आणि साहेबांच्या वहीची अचूकताही सिद्ध झाली. येथे माझ्यातला जुना मिस्त्री म्हणाला, झाले, उजवी स्प्रिंग. तथापि सवयीने मी गाडीखाली सरकलो आणि मडगार्ड सोडून गाडीच्या तळाच्या पेटीसारख्या लांब पट्ट्यांची, जो या गाडीचा खरा अस्थिपंजर होय, फरशीपासूनची उंची दोन्ही बाजूंस मोजली. तेथे फरक भरला तीन सूत. कड म्हणते सहा, हाड म्हणते तीन. दोघांपैकी एक खोटे बोलत होते. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक मी डाव्या मडगार्डवरून हलके फिरवले. पुढच्या भागावर ते घट्ट चिकटे. चाकाच्या कमानीवर मात्र घसरू लागले. रंगाखाली बोटभर जाडीची लांबी भरलेली होती. फार पूर्वी केव्हा तरी डाव्या बाजूस ठोकर बसली असावी, आणि कोण्या डेंटरने पत्रा ठोकून, लांबी भरून नवी कड घडवताना ती मूळ जागेपेक्षा तीन सूत वर घडवली असावी. उजवी कड जितकी खाली दिसत होती तितकी ती नव्हती. डावीच वर चढली होती.

साहेबांना बोलावून मी हा प्रकार दाखवला. त्यांनी चुंबक स्वतः फिरवून पाहिले, वहीकडे पाहिले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मिस्त्री, म्हणजे हद्दीचा दगडच सरकलेला. आणि मी पाच महिने साखळी त्या दगडापासून टाकतो आहे." त्यांच्या स्वरात विषादापेक्षा ओळखीचा आनंद अधिक होता. खात्यात असताना भावकीतल्या भांडणांत त्यांनी हेच शेकडो वेळा पाहिले होते: मोजणी निर्दोष, साखळी प्रमाण, गणित बिनचूक; आणि ज्या दगडापासून सारे सुरू झाले तो दगड कोणीतरी रात्रीतून दोन हात सरकवलेला.

'बसली' या शब्दाच्या मुळाशी 'कशापासून' हा प्रश्न असतो, तो असा. आणि हाच प्रश्न 'किती' या बाजूनेही विचारावा लागतो. एकच नाव असलेल्या सर्व गाड्या एका उंचीच्या नसतात. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेतील बंपरविषयक नियमांपायी ॲबिंग्डनकरांनी या गाडीला जाड रबरी बंपर लावले आणि ती सुमारे दीड इंचाने उंच केली. त्या नव्या गाडीशेजारी उभी केल्यास त्यापूर्वीची प्रत्येक धडधाकट गाडी बसल्यासारखी दिसणार. स्प्रिंगांचेही तसेच. उघड्या गाडीची पुढची स्प्रिंग मोकळी असताना ९.९ इंच भरते; छप्पर असलेल्या जी.टी.ची ९.१ इंच, कारण ती अधिक ताठ असते. ज्याला हे ठाऊक नाही तो जी.टी.ची उत्तम स्प्रिंग टेबलावर ठेवून, पाऊण इंच खचली म्हणून भंगारात टाकील, आणि आपण काळजीपूर्वक मोजून टाकली असे समाधानही मानील.

पुढचा संशयित होता रबर. खालच्या आर्मची आतली टोके रबरी बुशांत बसवलेली असतात. या बुशांचे नट केव्हा आवळावेत याविषयी एक साधा नियम आहे: गाडी आपल्या चाकांवर, आपल्या वजनाखाली उभी असताना. कारण नट आवळताच रबर दोन्ही बाजूंनी जखडले जाते आणि आर्मची ती स्थिती हीच त्याच्या विश्रांतीची स्थिती ठरते. चाके अधांतरी लोंबत असताना नट आवळले, आणि सोयीचे म्हणून बहुतेक ठिकाणी तसेच आवळले जातात, तर गाडी खाली उतरल्या क्षणापासून ते रबर पिळलेले राहते, आर्मला खाली ढकलून गाडी वर धरू पाहते, आणि काही महिन्यांत फाटते. साहेबांनी दोन वर्षांपूर्वी बुश दुसरीकडे बदलून घेतले होते. नट सैल करताच आर्मने अंग झटकल्यासारखी बारीक हालचाल केली, आणि गाडी ढकलून पुन्हा मोजली तेव्हा पुढचे अंग दोन्ही बाजूंनी सारखेच आणखी एक सूत खाली गेलेले आढळले. दोष शोधायला जावे तो तो गाडीला खाली ओढीत नसून वर धरून ठेवीत होता! एका चुकीने दुसऱ्या चुकीला दिलेला तो आधार होता, आणि तो काढल्यावाचून खऱ्या तुटीचा आकडा हाती येणार नव्हता. आता खालच्या आर्मकडे पाहिले की तूट डोळ्यांनाही दिसत होती. ठाकठीक गाडीत हा आर्म जवळजवळ क्षितिजसमांतर असतो. येथे तो आतल्या टोकाशी खाली आणि चाकाकडे चढत गेलेला होता, व त्यामुळे दोन्ही चाकांचे माथे आत झुकले होते. गतिरोधकावरचा 'ठक्' हा आर्म वरच्या रबरी ठोकळ्यावर आपटण्याचा आवाज होता, हेही उघड झाले.

राहिला उजव्या-डाव्याचा तीन सुतांचा खरा फरक. तो पुढे दिसतो म्हणून पुढलाच असला पाहिजे, असे नाही. गाडीची बॉडी ही एक ताठ फळी आहे. मागचा एक कोपरा खचला तर ती सबंध फळी त्या बाजूस कलते आणि पुढचा कोपराही खाली जातो. अपराध कोणत्या टोकाचा आहे हे ठरवण्याची रीत जुनी आणि सुंदर आहे. मागच्या ॲक्सलचा जो मध्यावरचा गोळा, त्याच्याखाली नेमका मधोमध जॅक लावून मागची दोन्ही चाके उचलावयाची. आता मागचे अंग एका बिंदूवर तोललेले असल्याने त्याला उजव्या-डाव्याविषयी मत उरत नाही. पुढचे अंग जे दाखवील ते त्याचे स्वतःचे. मी जॅक मारीत होतो आणि साहेब पुढे गुडघे टेकून, नव्या आधारचिन्हापासून, म्हणजे तळाच्या पट्टीपासून, मोजीत होते. तीन सुतांचा फरक उतरून एक सूत झाला. मग उलट केले: पुढच्या क्रॉसमेंबरच्या, म्हणजे आडव्या तुळईच्या, मध्यावर जॅक लावला, आणि मागचे अंग स्वतःहून उजवीकडे कलले. तिनांपैकी दोन सूत मागच्या उजव्या स्प्रिंगेच्या पाट्यांचे होते.

"पण उजवेच का?" साहेबांनी विचारले. मी त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे, आणि उत्तर त्यांनाच सुचले. तीस वर्षे ही गाडी ते एकटेच चालवीत होते; पत्नीला उघड्या गाडीतला वारा सोसत नसल्याने डावे आसन बहुधा रिकामे राही. या गाडीत बसणाऱ्याची जागा मागच्या ॲक्सलच्या अगदी पुढ्यात असते. म्हणून त्यांचा भार पुढच्या स्प्रिंगेवर थोडा आणि मागच्या उजव्या पाट्यांवर पुष्कळ पडत आला होता. पुढून बसलेल्या गाडीची पाऊलखूण अशी माग काढीत काढीत मालकाच्या पाठीशी येऊन थांबली.

सर्वांत शेवटी स्प्रिंगा काढल्या. ज्या आरोपीला रिवाजाप्रमाणे प्रथम फाशी द्यावयाचे, त्याची जबानी येथे शेवटी झाली. हे काम घाईचे नव्हे. जागेवर दबलेल्या स्प्रिंगेत सुमारे साडेचारशे किलोंचा जोर साठलेला असतो, आणि तो सुटताना वय किंवा अनुभव पाहत नाही. स्प्रिंग जिच्यावर टेकलेली असते त्या तबकडीखाली जॅक धरून, तिच्या बोल्टांपैकी समोरासमोरचे दोन काढून त्या जागी लांब आटे पाडलेले बोल्ट घालावेत, आणि मग इतर सोडवून नट अर्धा अर्धा फेर उलगडीत तबकडी खाली आणावी. स्प्रिंग एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखी सावकाश अंग सोडते आणि शेवटी हाताने उचलता येते. दोन्ही टेबलावर उभ्या केल्या. कोठे तडा नव्हता, टोके शाबूत होती, वरच्या बैठकी आणि क्रॉसमेंबरखालची रबरे ठीक होती. डावी स्प्रिंग नऊ इंच पाच सूत भरली. उजवी त्याहून अर्धा सूत कमी. मूळ ९.९ इंचांशी ताडता डावी दोन सूत आणि उजवी अडीच सूत आखूड झालेली होती. आता, या गाडीत स्प्रिंग आर्मच्या मध्याशी आणि चाक त्याच्या टोकाशी, तेव्हा स्प्रिंगेतला एक सूत चाकाशी सुमारे दोन होतो. म्हणजे डावीकडे चार सुतांची तूट, उजवीकडे पाचांची, आणि दोहोंतला फरक एक. साहेबांनी वहीत बेरीज मांडली: कडेचे तीन, मागल्या पाट्यांचे दोन, उजव्या स्प्रिंगेचा एक, एकूण सहा. हिशेब दमडीपर्यंत जुळला, आणि असा हिशेब जुळताना जे सुख होते त्याला आमच्या धंद्यात मजुरी लावता येत नाही.

स्प्रिंग 'थकते' असे आपण म्हणतो, पण ते पुरते खरे नाही. ताण जितका, तितकाच उलट जोर, हा तिचा धर्म रॉबर्ट हूकने १६७६ साली अक्षरांच्या कोड्यात दडवून आणि १६७८ साली उलगडून जगापुढे मांडला. ती एका इंचाला किती जोर देईल हे तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास, त्यांची संख्या आणि पोलादाचा जातिगुण यांवर ठरते. आणि यांपैकी काहीही तीस वर्षांच्या ओझ्याने म्हणण्यासारखे बदलत नाही. वारंवार दबून पोलाद कायमचे किंचित दबलेले राहते, तेवढे मात्र होते. म्हणजे बसलेली स्प्रिंग मऊ झालेली नसते, फक्त बुटकी झालेली असते. यावरून उपायही ठरतो. दोन सुतांची चकती खाली घातली तरी जुनी स्प्रिंग पूर्वीच्याच जोराने पूर्वीची उंची देईल; ही लबाडी नव्हे, शास्त्रशुद्ध तोड आहे. भट्टीत तापवून वेटोळी ताणणे हे मात्र मी कधी केले नाही आणि करणाऱ्यास करू दिले नाही, कारण त्याने उंची मिळते आणि पोलादाचे पाणी जाते.

साहेबांनी नव्या स्प्रिंगा मागवल्या; चकतीची तोड पटूनही त्यांना दप्तरात मूळ माप हवे होते. मागचे पाटे मी कमानवाल्याकडे नेले. ऐरणीवर थंडा पाटा धरून, हातोड्याचे ठोके एकास एक लागून घालीत तो गेलेली कमान परत आणतो. त्याच्यापाशी मोजपट्टी असते, पण तो ती शेवटी, माझ्या समाधानासाठी काढतो. हात बसणे म्हणजे काय, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने ते तेथे पाहावे. जोडणी झाली, गाडी चाकांवर उतरली, चार फूट पुढे आणि चार फूट मागे ढकलली गेली, आणि मग, आसनावर साहेबांना बसवून, मी खाली शिरून बुशांचे नट आवळले.

आठवड्याने त्यांचा फोन आला. स्वर काळजीचा होता. "मिस्त्री, पुढून दोन सूत उंच आहे. दोन्हीकडे." मी म्हणालो, "नवी स्प्रिंग आहे साहेब. बसू द्या." पलीकडे क्षणभर शांतता झाली. ज्या शब्दाची फिर्याद घेऊन हा मनुष्य माझ्याकडे आला होता, तोच शब्द मी त्याला औषध म्हणून परत देत होतो, हे आम्हा दोघांच्याही एकदमच ध्यानात आले असावे. नवे पोलाद, नव्याने आवळलेले रबर, ठोकलेले पाटे यांना एकमेकांची ओळख व्हावयास काहीशे किलोमीटरांची रस्त्यावरची धाव लागते. तोपर्यंत घेतलेले माप नोंदवावे, पण त्यावर निकाल देऊ नये. पाचव्या रविवारी नोंद आली ती बरोबर अपेक्षेवर, आणि सहाव्या व सातव्या रविवारी ती तेथेच राहिली.

डावे मडगार्ड साहेबांनी तसेच ठेवले. लांबी काढून पत्रा पुन्हा घडवायचा म्हणजे सबंध बाजू रंगवणे आले. आणि, ते म्हणाले, सरकलेला दगड एकदा कागदावर नोंदला म्हणजे तंटा उरत नाही. त्यामुळे ती गाडी आजही उजवीकडे तीन सूत खाली दिसते. चौकात दिवा तांबडा असताना शेजारचा एखादा जाणता स्कूटरवाला वाकून पाहतो आणि, "काका, गाडी उजवीकडून बसलीय," असे हमखास सांगतो. साहेब प्रथम प्रथम त्याला सारे समजावून देत असत. आता ते फक्त डाव्या मडगार्डकडे बोट दाखवतात, आणि दिवा हिरवा होतो.